टॉवेल किती पाणी शोषतो? मोजायचं कसं आणि आकडा मांडायचा कसा

दिवाळी झाली की सोलापुरात शाळाशाळांमधून विज्ञान प्रदर्शनाची धावपळ सुरू होते. मॉडेल बघायला गेलं की रंग, लाइटिंग, थर्माकोल सगळं झकास असतं, पोरांनी जीव ओतलेला असतो, पण चार्टवर निष्कर्ष काय तर "या कापडाने जास्त पाणी शोषले". जास्त म्हणजे किती? कशापेक्षा जास्त? एकदाच बघितलं की पाच वेळा? हे कुठंच लिहिलेलं नसतं आणि मग इतक्या मेहनतीचं काम परीक्षकाच्या दोन प्रश्नांत खाली बसतं, ते बघून खरंच वाईट वाटतं.

माझं म्हणणं एकच आहे. नुसता आकडा म्हणजे रिझल्ट नाही. आकड्याबरोबर त्याचं युनिट, तो कशानं मोजला, किती वेळा मोजला आणि कुठल्या परिस्थितीत मोजला, एवढं सगळं आलं की मगच तो रिझल्ट होतो, कारण मग अक्कलकोटचा किंवा बार्शीचा दुसरा कुणी विद्यार्थी तेच परत करून बघू शकतो. आठवीपासून बारावीपर्यंतची मुलं, त्यांचे पालक आणि प्रोजेक्टचं काम अंगावर पडलेले सर-मॅडम यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरण आपल्या घरातलंच घेऊ, सोलापुरी टेरी टॉवेल, म्हणजे अंगावर धाग्याचे लूप असलेला. चादरीसारखंच टॉवेललाही जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं आहे, घराघरात आहे, कापायला एखादा जुना कुणीही देईल.

पायरी १: प्रश्न असा करा की उत्तर आकड्यात येईल

"कुठला टॉवेल चांगला?" याचं उत्तर मोजता येत नाही. "एक ग्रॅम कोरडा टॉवेल किती ग्रॅम पाणी धरून ठेवतो?" याचं येतं. आता यात बदलायचं काय ते एकच ठरवा. म्हणजे एकाच कंपनीचा, एकाच साइजचा टॉवेल, एक कोरा नवा, एक पाच वेळा धुतलेला, एक सॉफ्टनर घालून धुतलेला. नव्या टॉवेलवर कारखान्यातून मऊपणासाठी फिनिश लावलेलं येतं म्हणून तो सुरुवातीला पाणी नीट घेत नाही, आणि सॉफ्टनरचाही धाग्यावर थर बसतो, हे घरात सगळ्यांना अनुभवानं माहीत असतं, आपल्याला ते किती, हे शोधायचंय. कंपनी बदलली, धुणंही बदललं, पाणीही बदललं असं सगळं एकदम केलं की फरक कशामुळे पडला ते सांगता येत नाही.

पायरी २: युनिट आधी ठरवा, नंतर नाही

सोलापुरात ही भानगड जास्त आहे कारण आपल्याकडं कापडाचा धंदाच मुळात इंच, यार्ड आणि पौंडावर उभा राहिला. देशात दशमान पैसे आले १ एप्रिल १९५७ ला, मेट्रिक वजनमापं लागू व्हायला लागली १ ऑक्टोबर १९५८ पासून, शेर आणि मण दुकानातून गेले, पण मागावर आजही इंचात किती धागे तेच विचारतात आणि सूत काउंटवरच विकलं जातं. काउंट म्हणजे काय, तर एका पौंडात ८४० यार्डाच्या किती लड्या बसतात तो आकडा. म्हणजे २० काउंटचं सूत एका पौंडात २० गुणिले ८४० म्हणजे १६,८०० यार्ड. यात एक गंमत लक्षात ठेवा, काउंट वाढला की सूत बारीक होतं, उलटं चालतं ते. मेट्रिकमध्ये यालाच टेक्स आहे, १००० मीटर सुताचं वजन ग्रॅममध्ये. ५९०.५ ला काउंटनं भागलं की टेक्स मिळतो, २० काउंट म्हणजे साधारण २९.५ टेक्स. टेक्स वाढला की सूत जाड, सरळ हिशेब. कारखान्यात माहिती विचारायला गेलात तर ते काउंट आणि इंचच सांगणार, ते तसंच वहीत लिहून घ्या आणि शेजारी मेट्रिक करून लिहा. मूळ आकडा खोडू नका, बदलताना चूक झाली तर परत मागं जायला तोच लागतो.

इंच ते सेंटिमीटर सोपं आहे, १ इंच म्हणजे बरोबर २.५४ सेमी, अंदाजे नाही, बरोबर. लोक चुकतात ते क्षेत्रफळात. एका मीटरमध्ये १०० सेमी, म्हणून एका चौरस मीटरमध्ये १०० चौरस सेमी असं समजून भागतात, आणि उत्तर शंभर पटीनं चुकतं. १०० गुणिले १००, म्हणजे १०,००० चौरस सेमी होतात. घनफळात तर दहा लाख घन सेमी. शेतीवाल्यांना हे चटकन कळतं, एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर, आणि एक चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी, म्हणजे १ मिमी पाऊस पडला की गुंठ्यावर १०१ लिटर पडलं. मेट्रिकची खरी सोय ही आहे, मिमी, चौरस मीटर आणि लिटर एकमेकांत सरळ बसतात, मधे कुठला वेडावाकडा आकडा येत नाही.

आपल्याला लागणारी युनिटं: लांबी सेमी, वस्तुमान ग्रॅम, वेळ सेकंद, तापमान अंश सेल्सिअस. आणि टॉवेलचा जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये. अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुणालाही विचारा, जीएसएम रोजच्या बोलण्यातला शब्द आहे.

अजून एक, वजन आणि माप यात गल्लत नको. तेलाच्या डब्याचं बघा, १५ लिटरचा डबा आणि १५ किलोचा डबा एक नव्हे. शेंगदाणा तेलाची घनता साधारण ०.९१, त्यामुळं १५ लिटर तेल भरतं पावणेचौदा किलोच्या आसपास. पाण्याच्या बाबतीत १ मिली म्हणजे १ ग्रॅम आपण धरतो आणि शाळेच्या प्रयोगाला ते चालतं, पण ते पूर्ण खरं ४ अंशालाच आहे. ३० अंशाला १ लिटर पाणी साधारण ९९६ ग्रॅम, ४० अंशाला ९९२ ग्रॅम. सोलापूरच्या मे महिन्यात टाकीतलं पाणी किती तापतं ते सांगायला नको. म्हणून आपण शोषलेलं पाणी मिलीत नाही, ग्रॅममध्येच मोजायचं, वजन करून.

पायरी ३: साधन घ्या आणि आधी त्याचीच परीक्षा घ्या

लागेल काय तर ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा, ऑनलाइन मिळतो, नाहीतर ओळखीच्या सोनाराला विनंती करा. एक स्टीलची पट्टी, एक थर्मामीटर, मोबाइलचं स्टॉपवॉच, कात्री, पातेलं, चिमटे.

काटा सपाट, न हलणाऱ्या टेबलावर ठेवा. पंखा बंद. हे लोकांना खरं वाटत नाही पण ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर पंख्याच्या वाऱ्यानं शेवटचे अंक नाचतात, उन्हाळ्यात घाम आला तरी पाच मिनिटं पंखा बंदच ठेवायचा. चालू करून दोन-चार मिनिटं थांबा, रिकाम्यावर शून्य येतंय का बघा, एक वस्तू ठेवा, उचला, परत शून्यावर येतो का बघा. मग तीच वस्तू मधोमध आणि कडेला ठेवून बघा, आकडा बदलत असेल तर कायम मधेच ठेवायची सवय लावा.

आता तो खरं बोलतोय का ते तपासायचं. काट्याबरोबर बहुतेक वेळा एक कॅलिब्रेशनचं वजन येतं, नसेल तर ज्या दुकानदाराकडं वैधमापनचा (वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा) शिक्का मारलेली वजनं आहेत त्याच्याकडचं ५० ग्रॅमचं माप पाच मिनिटांसाठी मागा, देतात लोक, शाळेचं काम म्हटलं की उलट कौतुकानं देतात. तो शिक्का म्हणजे साधी गोष्ट नाही. दुकानातलं वजन सरकारी मापाशी ताडलेलं असतं, ते माप त्याच्या वरच्या मापाशी, असं करत करत ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत जाते. आणि किलोग्रॅम स्वतः २० मे २०१९ पासून पॅरिसजवळ ठेवलेल्या धातूच्या ठोकळ्यावर अवलंबून नाही, प्लँकच्या स्थिरांकावरून, म्हणजे निसर्गातल्या एका कधीच न बदलणाऱ्या आकड्यावरून, ठरतो. मीटरचं तर १९८३ पासूनच प्रकाशाच्या वेगावरून ठरतंय, प्रकाश निर्वातात सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर जातो हे पक्कं धरून. तुमच्या टेबलावरचा छोटा काटा या सगळ्याला जोडलेला आहे, म्हणून तपासणीचं महत्त्व.

पट्टीचं पण बघा. प्लॅस्टिकच्या जुन्या पट्टीचं टोक झिजलेलं असतं, शून्याऐवजी १ सेमीपासून मोजा आणि शेवटी १ वजा करा. शिंप्याचा कापडी टेप वापरून वापरून ताणतो, तो स्टीलच्या पट्टीला लावून बघितल्याशिवाय वापरू नका. डोळा बरोबर खुणेच्या वर पाहिजे, तिरकं बघितलं की एक-दीड मिमी सहज इकडंतिकडं. मोजपात्र वापरणार असाल तर पाण्याच्या खोलगट भागाचा तळ वाचायचा, डोळा त्याच पातळीला आणून. कॉलेजच्या लॅबमधली चांगली काच असेल तर तिच्यावर २७ अंश लिहिलेलं दिसेल, म्हणजे तिच्यावरच्या खुणा त्या तापमानाला खऱ्या.

प्रत्येक साधनाचा लीस्ट काउंट, म्हणजे ते कमीत कमी किती फरक दाखवू शकतं, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. काटा ०.०१ ग्रॅम, पट्टी १ मिमी. स्टॉपवॉच सेकंदाचा शंभरावा भाग दाखवतं पण बटण दाबणारा माणूस आहे, आपल्या हाताला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतोच, म्हणून ६०.१३ सेकंद लिहिण्यात अर्थ नाही, ६० लिहा.

पायरी ४: तुकडे कापणं, आणि इथंच खरी चूक शिरते

टॉवेलच्या मधल्या भागातून, किनार सोडून, १०.० सेमी × १०.० सेमी चे तुकडे कापा. प्रत्येक प्रकारचे निदान पाच. टेरीचे लूप कापले की काठातून धागे गळतात, म्हणून कापल्यावर तुकडा चांगला झटकून घ्या, मगच वजन. मग सगळे तुकडे एकाच खोलीत, सावलीत, एक दिवस टांगून ठेवा.

टांगायचं का ते सांगतो. कापूस हवेतला ओलावा धरतो. प्रमाणित हवेत, आपल्याकडं कापडाच्या टेस्टिंगला २७ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता धरतात, कापसात त्याच्या अगदी सुक्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी असतं. म्हणजे ५०० ग्रॅमच्या टॉवेलमध्ये ३९ ग्रॅमच्या आसपास पाणीच आहे, हाताला कोरडा लागत असला तरी. सोलापूरचा एप्रिल-मे इतका कोरडा असतो की तोच टॉवेल हलका भरेल आणि जुलैच्या ढगाळ दिवशी जड. म्हणून काही तुकडे आज आणि काही पुढच्या महिन्यात असं करू नका, आणि खोलीचं तापमान, जमलं तर आर्द्रता, वहीत लिहाच.

आता जीएसएमचा हिशेब. समजा तुकडा भरला ४.५२ ग्रॅम. क्षेत्रफळ १०० चौरस सेमी म्हणजे ०.०१ चौरस मीटर. ४.५२ भागिले ०.०१, म्हणजे ४५२ जीएसएम. छान दिसतो आकडा. पण कापताना दोन्ही बाजूंना १ मिमी जास्त गेला असेल तर? १०.१ गुणिले १०.१ म्हणजे १०२.०१ चौरस सेमी, दोन टक्के जास्त कापड. काट्याची चूक किती? ४.५२ मध्ये ०.०१, म्हणजे पाव टक्क्याच्याही आत. म्हणजे चूक काट्यात नाही, कात्रीत आहे, काट्याच्या जवळजवळ दहापट. लोक महागडा काटा आणायला धावतात आणि तुकडा डोळ्यानं कापतात, तिथं सगळं वाया जातं. पुठ्ठ्याचा किंवा जमलं तर पत्र्याचा साचा करा, तो ठेवून पेननं रेघ मारा, मग कापा. किंवा तुकडाच मोठा घ्या, २० सेमी बाजूचा असेल तर तोच १ मिमी फक्त एक टक्का होतो. किंवा कापूच नका, अख्खा टॉवेल मोजा, ७५ सेमी × १५० सेमी म्हणजे १.१२५ चौरस मीटर, स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा काटासुद्धा तिथं पुरतो. कुठलंही मोजमाप करताना हा प्रश्न आधी विचारायचा, सगळ्यात जास्त चूक कुठून येतेय, आणि कष्ट तिथं घालायचे.

पाणी शोषण्याच्या प्रयोगात एक चांगलं आहे, तिथं आपण त्याच तुकड्याचं ओलं आणि कोरडं वजन एकमेकांशी ताडतो म्हणून कापण्यातली चूक बरीचशी निघून जाते. तिथं चूक येते निथळण्यात.

कृती अशी:

१. तुकड्याचं कोरडं वजन घ्या, तुकड्यावर नंबर घाला (लोकरीच्या धाग्यानं नको, तो पाणी धरतो, पेनची खूण करा).
२. पातेल्यात नळाचं पाणी, तापमान मोजून लिहा, तुकडा पूर्ण बुडवा, ६० सेकंद.
३. एका कोपऱ्याला चिमटा लावून उभा टांगा, ६० सेकंद निथळू द्या. पिळायचं नाही, झटकायचं नाही.
४. काट्यावर रिकामी छोटी डबी ठेवून टेअर दाबा, शून्य आलं की तुकडा डबीत टाकून ओलं वजन.
५. ओलं वजा कोरडं, भागिले कोरडं. समजा ओलं १९.८० आणि कोरडं ४.५२, तर १५.२८ भागिले ४.५२ म्हणजे ३.३८. या उत्तराला युनिट नाही, ग्रॅमला ग्रॅमनं भागलंय, म्हणून "स्वतःच्या वजनाच्या ३.३८ पट" असं लिहायचं.

निथळायचा वेळ एकानं ३० सेकंद आणि दुसऱ्यानं ९० धरला तर दोघांचे आकडे कधीच जुळणार नाहीत. ६० च का, तर ६० ला काही विशेष नाही, फक्त सगळ्यांना सारखा पाहिजे आणि लिहिलेला पाहिजे. डबी प्रत्येक वेळी पुसून कोरडी करा.

पायरी ५: वही

रीडिंग घेतलं की लगेच वहीत, पेननं. मोबाइलवर, हातावर, कागदाच्या चिटोऱ्यावर नाही. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला कारण लिहायचं, "तुकडा खाली पडला" वगैरे. व्हाइटनर तर अजिबात नको. आणि काट्यानं ४.५० दाखवलं तर ४.५० च लिहा, शेवटचं शून्य खाऊ नका, त्या शून्यानंच कळतं की तुम्ही शंभराव्या भागापर्यंत मोजलंय. प्रयोग झाल्यावर आठवून लिहिलेली वही आणि प्रयोग चालू असताना लिहिलेली वही परीक्षकाला लांबूनच ओळखू येते, दुसऱ्या वहीवर पाण्याचे डाग असतात आणि ते असू द्यावेत.

पायरी ६: पाच वेळा का

समजा पाच तुकड्यांचे आकडे आले ३.३८, ३.२९, ३.५१, ३.२२, ३.४१. बेरीज १६.८१, सरासरी ३.३६. एकच तुकडा घेतला असता आणि तो नेमका तिसरा निघाला असता तर तुम्ही साडेतीन पट म्हणून सांगून मोकळे झाला असता. हे आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते स्टँडर्ड डेव्हिएशन सांगतं. प्रत्येक आकड्यातून सरासरी वजा करा, वर्ग करा, पाचही वर्गांची बेरीज करा, त्याला एकनं कमी म्हणजे चारनं भागा, वर्गमूळ काढा. इथं ते येतं ०.११. एक्सेलमध्ये एका फॉर्म्युल्यात होतं, पण एकदा तरी हातानं करा, काय चाललंय ते तेव्हाच समजतं. नववीच्या खालच्या मुलांनी हे नाही केलं तरी चालेल, त्यांनी "सगळ्यात कमी ३.२२, सगळ्यात जास्त ३.५१" एवढं लिहिलं तरी पुष्कळ झालं.

एखादा आकडा फारच वेगळा आला, समजा १.९, तर तो गुपचूप काढून टाकायचा नाही. कारण सापडलं, म्हणजे तुकडा पूर्ण बुडालाच नव्हता असं वहीत लिहिलेलं असेल, तर ते कारण सांगून वगळा. कारण नसेल तर ठेवा आणि अजून तुकडे घ्या. आवडणारे आकडे ठेवणं आणि नावडते काढणं म्हणजे प्रयोग नाही, हे मुलांना लहान वयातच कळलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

उलटं पण असतं. पाचही आकडे एकमेकांना चिकटून आले म्हणजे ते खरे आहेत असं नाही. काटाच जर प्रत्येक वेळी अर्धा ग्रॅम जास्त दाखवत असेल तर पाचही तेवढेच चुकतील, छान एकसारखे चुकतील. परत परत मोजून ही चूक सापडत नाही, पायरी ३ मधल्या तपासणीनंच सापडते.

पायरी ७: उत्तरात किती अंक ठेवायचे

कॅल्क्युलेटर १६.८१ भागिले ५ ला ३.३६२ देतो, दुसरीकडं कुठं ३.३८०५३०९ देतो, आणि मुलं सगळंच्या सगळं चार्टवर उतरवतात. आकडे जर पहिल्या दशांश स्थळावरच इकडंतिकडं होतायत तर चौथ्या, सातव्या स्थळाला काय किंमत? आधी पसरण एका अंकात आणा, ०.११ चं ०.१, मग उत्तर त्याच स्थळापर्यंत, ३.४ ± ०.१ (± म्हणजे अधिक-उणे). जीएसएमचं पण तसंच, दोन टक्के चूक असू शकते, म्हणजे साधारण ९ जीएसएमची, म्हणून ४५२ न लिहिता ४५० ± १० लिहा. मधल्या पायऱ्यांत मात्र अंक कापू नका, शेवटीच कापा, नाहीतर दर पायरीला थोडं थोडं करत बरंच घसरतं.

पायरी ८: लिहायच्या पद्धती, टेबल आणि ग्राफ

युनिट लिहायचे काही नियम जगभर सारखे आहेत. आकडा आणि युनिट यात जागा सोडा. युनिटच्या चिन्हाला अनेकवचन नाही आणि पुढं टिंबही नाही. इंग्रजीत लिहिताना किलोचा के लहान, ग्रॅमचा जी लहान, मोठा के केल्विनचा आहे. ग्रॅमला जीएम किंवा जीएमएस लिहितात ते चूक, फक्त जी. लहान एम म्हणजे मिली आणि मोठा एम म्हणजे मेगा, एका अक्षरात शंभर कोटी पटीचा फरक पडतो. लिटरला मोठा एल चालतो आणि तोच बरा, लहान एल १ सारखा दिसतो. नुसतं .५ नको, ०.५ लिहा, झेरॉक्समध्ये टिंब उडालं तर ५ होऊन बसतं.

टेबलात युनिट वरच्या ओळीत एकदाच, "कोरडं वजन (ग्रॅम)", खाली नुसते आकडे, सगळ्यांना दशांश स्थळं सारखी. टेबलाच्या वर एक ओळ, कशाचं टेबल आहे ते.

ग्राफसाठी तोच टॉवेल अजून एका कामाला लावता येतो, ओला तुकडा सावलीत टांगा आणि दर ५ मिनिटांनी वजन करा. आडव्या अक्षावर वेळ (मिनिटं), उभ्यावर वजन (ग्रॅम). आपण जे ठरवतो ते आडवं, जे मोजतो ते उभं. ठिपके स्पष्ट काढा आणि ठिपक्याला ठिपका जोडत वेडीवाकडी रेघ ओढू नका, मधून जाणारी एक सलग रेघ काढा. नवा, धुतलेला आणि सॉफ्टनरवाला यांची तुलना मात्र बार ग्राफनं करा आणि उभा अक्ष शून्यापासूनच सुरू करा. ३.० पासून सुरू केला तर ३.४ चा बार ३.२ च्या दुप्पट उंच दिसतो, बघणाऱ्याला वाटतं दुप्पट फरक आहे. बारच्या टोकाला ± ची छोटी उभी रेघ काढा.

पायरी ९: निष्कर्ष सांगणं

समजा धुतलेला टॉवेल ३.४ ± ०.१ आणि कोरा २.६ ± ०.३. हा फरक स्पष्ट आहे, ठामपणे सांगा. पण एक ३.४ ± ०.१ आणि दुसरा ३.५ ± ०.२ असेल तर "दुसरा चांगला" म्हणू नका, "या प्रयोगात दोघांत फरक दिसला नाही" म्हणा. हे लिहायला मुलं घाबरतात, त्यांना वाटतं प्रयोग फसला. नाही फसला, तेही उत्तरच आहे आणि त्याला मार्क मिळाले पाहिजेत.

टक्के सांगताना कशाचे टक्के ते सांगा. याचं आपल्याइतकं चांगलं उदाहरण दुसऱ्या कुणाकडं नसेल. उन्हाळ्यात "उजनी मायनसमध्ये गेलं" अशी बातमी येते आणि बाहेरगावचा माणूस चक्रावतो, धरणात शून्यापेक्षा कमी पाणी कसं? तर टक्केवारी काढतात ती उपयुक्त साठ्यावर, तो ५३.५७ टीएमसी, आणि त्याच्या खाली मृतसाठा आहे ६३.६६ टीएमसी, एकूण ११७ च्या पुढं. उणे ३० टक्के म्हणजे ५३.५७ चे ३० टक्के, साधारण १६ टीएमसी मृतसाठ्यातून गेलं आणि अजून साडेसत्तेचाळीस शिल्लक आहे. आकडा चूक नाही, पण कशाच्या तुलनेत ते सांगितलं नाही तर निम्म्या लोकांना धरण कोरडं पडलं असं वाटतं. (टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, मेट्रिकमध्ये एक टीएमसी साधारण २८.३ दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. पाटबंधारेच्या कागदांवर दोन्ही असतात, प्रोजेक्टमध्ये दलघमी वापरा.) टॉवेलचं पण तेच, "३४० टक्के पाणी शोषलं" असं लिहिलं तर कोरड्या वजनाच्या ३४० टक्के, हे शब्द लिहिल्याशिवाय वाक्य अपुरं.

मग शेवटी चार्टवर निष्कर्ष असा यावा: "१०० टक्के कॉटन टेरी टॉवेल, ४५० ± १० जीएसएम, पाच वेळा धुतलेला, नळाच्या २८ °से पाण्यात ६० सेकंद बुडवून ६० सेकंद उभा निथळल्यावर स्वतःच्या कोरड्या वजनाच्या ३.४ ± ०.१ पट पाणी धरतो. ५ तुकडे, काटा ०.०१ ग्रॅम, ± म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन." लांब वाटतं, पण यातला एकही शब्द काढता येत नाही, काढून बघा.

बोलून सांगताना मात्र समोरचा कोण ते बघा. परीक्षकाला वरचं पूर्ण वाक्य. बघायला आलेल्या आजींना, "आज्जी, टॉवेल नवा आणला की आधी चार-पाच वेळा धुवा, मग तो चांगलं पाणी टिपतो, आम्ही वजन करून बघितलं" असं. दोन्ही खरंच आहे, आकडा तोच आहे, फक्त आजींना ± नको असतं. पण आकडा फुगवून "दुप्पट शोषतो" असं म्हणायचं नाही, २.६ आणि ३.४ म्हणजे साधारण तीस टक्के जास्त, तेवढंच सांगायचं.

प्रदर्शनाच्या दिवशी मूळ वही टेबलावर उघडी ठेवा, फेअर केलेली नको. चार-पाच कोरडे तुकडे झिपच्या पिशवीत वेगळे न्या, कारण चांगला परीक्षक हमखास "करून दाखव" म्हणतो, आणि हॉलमध्ये वर पंखा फिरत असतो म्हणून काट्याभोवती उभं करायला पुठ्ठ्याचं एक खोकं न्या. काट्यात नवे सेल घाला आणि एक जोडी जादा ठेवा, सेल उतरायला लागला की रीडिंग भरकटतं.